मूकपट आणि संथ चित्रपट पाहताना

'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपावर एक छोटी चित्रफीत काढली होती. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा हातात यंत्र होते पण पैसा नव्हता. हलत्या चित्रांच्या धंद्यात पैसे घालायला सहजी कोणी तयार होईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात माती फोडून वर आला, त्याला पाने फुटली, वेल चढला. 'अंकुराची वाढ' हे त्या फितीचे नाव. ती पाहून पैसे देणारे मिळाले, आणि पुढच्या वर्षी ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला.

शेतकऱ्याला अंकुर नवा नाही. पण रोप वाढताना प्रत्यक्ष कोणी पाहिलेले नसते. सकाळी वाफ्यावर गेलो की ते कालच्यापेक्षा मोठे दिसते, मधली हालचाल नजरेतून निसटलेली असते. कॅमेऱ्याने ती पकडून दिली. चित्रपटाची सगळी जादू या काळाच्या खेळात आहे. कधी तो महिना मिनिटात बसवतो, कधी मिनिटाला पुरते मिनिटभर राहू देतो. जुने मूकपट, आणि ज्यांना आपण 'संथ' किंवा 'फेस्टिव्हलचे' म्हणून बाजूला सारतो ते चित्रपट, या दोन्हींची गोडी लावून घ्यायची असेल तर सुरुवात इथूनच करावी, असे मला वाटते. दोन्हींत आपला नेहमीचा आधार, म्हणजे संवाद, एक तर नसतो किंवा फार विरळ असतो. मग चेहरा, उजेड आणि पुढे सरकणारा वेळ यांच्याकडेच पाहावे लागते. ही नजर कमावता येते, आणि तिचा बराचसा भाग आपल्याकडे आधीपासूनच आहे.

'आपल्याकडे' म्हणताना माझ्या डोळ्यासमोर पिंपळवंडी आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मधले हे गाव. हा सगळा पट्टा तमाशाचा. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसे सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे नाव इथे घरातल्या माणसासारखे घेतले जाते. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम लहान पोरांनाही पाठ असतो. इथल्या माणसाला मूकपट परका वाटण्याचे कारण नाही, कारण फाळक्यांनी चित्रपट काढले ते अशाच प्रेक्षकासाठी. १९११ च्या जनगणनेप्रमाणे देशात शंभरातले जेमतेम सहा लोक साक्षर होते. म्हणजे पडद्यावर येणाऱ्या पाट्या बहुतेकांना वाचता येत नव्हत्या. ज्याला येत त्याने त्या मोठ्याने वाचायच्या, बाजूला पेटी-तबला चालू ठेवायचा, आणि पुढचे प्रेक्षकांनी आपसात बोलून पुरे करायचे. कथा सगळ्यांना आधीच ठाऊक असे. हरिश्चंद्र राज्य गमावणार, कृष्ण कालियाच्या फण्यावर चढणार, यात कोणाला शंका नव्हती. पाहायचे ते एवढेच, की हा माणूस ते दाखवतो कसे. वगाला बसलेला माणूसही नेमके हेच पाहत असतो.

आता या जुन्या चित्रपटांत आजच्या डोळ्यांना काय खटकते ते पाहू. सगळ्यांत आधी वेग. माणसे तुरुतुरु पळतात, हात झटक्याने हलतात आणि हसू येते. त्या काळी कॅमेऱ्याला दांडा असे आणि चित्रण करणारा तो हाताने फिरवत असे. सेकंदाला साधारण सोळा-अठरा चौकटी पडत. बोलपट आले तेव्हा आवाज स्थिर राहावा म्हणून वेगही पक्का करावा लागला आणि २४ चौकटी हा नियम झाला. सोळाने घेतलेले चोविसाने दाखवले की माणसे दीडपट घाईत दिसणारच. यात नटांचा काही दोष नाही. मोबाईलवर जुना मूकपट असा पळताना दिसला तर वेगाच्या पर्यायात जाऊन ०.७५ निवडावा. तीच माणसे भानावर आल्यासारखी चालू लागतात, नजर टाकतात, थबकतात. एवढ्या एका गोष्टीने मूकपटाबद्दलचे निम्मे गैरसमज जातात.

दुसरे म्हणजे चेहऱ्यांचा तो पांढराफटक रंग. सुरुवातीच्या फिल्मवर निळा उजेड चांगला उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे दिसे आणि ओठ, कुंकू, लाल लुगडे काळे पडे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तांबूसपणा असतो, तीही गडद उमटे. म्हणून नटांना भरपूर रंग लावत. विजेचे दिवे महाग आणि कमजोर असल्याने चित्रण बहुतेक उघड्यावर, उन्हात होई. राजवाड्याच्या आतले दृश्य असले तरी वर छत नसे. दादरला फाळक्यांनी आपल्या राहत्या जागेच्या आवारातच नेपथ्य उभारले होते आणि बाहेरची दृश्ये वांगणीला घेतली. हे माहीत झाल्यावर 'राजा हरिश्चंद्र'च्या दरबारातली सावली वाऱ्याने हलताना दिसली तर तिची गंमत वाटते. त्या काळचे खरे ऊन त्या फितीवर पडलेले आहे.

तिसरी गोष्ट जागच्या जागी उभ्या कॅमेऱ्याची. फाळक्यांचा कॅमेरा क्वचितच हलतो. पात्रे समोर तोंड करून उभी असतात. पडद्यावरची ही ठेवण रविवर्म्याच्या चित्रांची आठवण करून देते, आणि त्याला कारण आहे. फाळके काही काळ लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्यात काम करत होते. देव आपल्याकडे पाहतो आहे आणि आपण देवाकडे, ही देवळातली समोरासमोरची ठेवण त्यांनी पडद्यावर आणली. अशा चित्रात कॅमेरा आपल्या वतीने जवळ जात नाही, आपल्यालाच नजर फिरवावी लागते. पुढे राजा धनुष्य शिकवतो आहे, बाजूला राणी पाहते आहे, मागे सेवक काय करतो आहे? डोळ्यांना एवढी मोकळीक पुढच्या काळातल्या चित्रपटांनी फार कमी दिली. राणी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण स्त्रिया मिळाल्या नाहीत. साळुंके ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होते. पुढे 'लंकादहन' (१९१७) मध्ये त्यांनीच रामही केला आणि सीताही. तमाशातली मावशी पाहिलेल्या प्रेक्षकाला यात वावगे वाटणार नाही. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र फाळक्यांना दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोन स्त्रिया मिळाल्या, त्याही १९१३ सालीच.

या सगळ्यांत पहिल्यांदा कोणता पाहावा, असे विचारले तर मी विचार न करता 'कालियामर्दन' म्हणेन. १९१९ चा हा चित्रपट बऱ्यापैकी शाबूत आहे आणि आज साधारण पाऊण तासाचा पाहायला मिळतो. कृष्णाचे काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले. तेव्हा ती सातेक वर्षांची होती. फाळक्यांनी सुरुवातीला एक धाडस केले आहे. गोष्ट सुरू करण्याआधी ते ही मुलगी, मुलगी म्हणूनच आपल्यासमोर आणतात. ती एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे 'ही नटी आहे, आता ती देव होणार आहे, बघा' असे उघड सांगून मग देव दाखवायचा. गणानंतर गवळणीत येणारा नट आधी प्रेक्षकांशी दोन शब्द बोलून मग पेंद्या होतो, तसेच हे. प्रेक्षक फसत नाही, तो खेळात सामील होतो.

मधला भाग तर सरळ सरळ गवळणच आहे. सवंगडी, लोणी, पाण्यावरची भांडणे, रागावलेल्या बायका. एका प्रसंगात कृष्ण रात्री झोपलेल्या नवरा-बायकोच्या खोलीत शिरतो आणि नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. शब्द एकही नाही, आणि एकाही शब्दाची गरज नाही. इथे मंदाकिनीकडे नीट पाहावे. मोठी माणसे नाटकातल्यासारखे हातवारे करतात, ती मात्र करत नाही. ती डोळ्यांनी बेत आखते, ओठ दाबते, मागे वळून बघते. मूकपटातला अभिनय भडक असतो हे जे आपण ऐकून असतो, ते या पोरीने शंभर वर्षांपूर्वीच खोटे ठरवले आहे.

शेवटी कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि फाळके एकदम वेगळे काम करतात. पाण्याखाली नागाशी झुंज चालली आहे आणि काठावर यशोदा, नंद, गवळी हवालदिल आहेत. चित्र एकदा खाली, एकदा वर, असे आलटून पालटून येते. एकाच वेळी दोन ठिकाणी काय चालले आहे ते आपल्याला कळते, काठावरच्यांना कळत नाही. सगळी घालमेल त्या फरकातून तयार होते. आज प्रत्येक मारधाडीच्या चित्रपटात हीच युक्ती वापरतात. इथे ती इतकी साधी आणि उघडी आहे की कशी चालते ते समोर दिसते. कालियाच्या फण्यावर कृष्ण उभा राहून वर येतो तेव्हा काठावरची गर्दी जशी श्वास सोडते, तसा आपणही सोडतो.

असे आणखी किती चित्रपट होते, याचा विचार केला की मन खट्टू होते. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज तीसच्या आसपास हाती आहेत आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांत. 'राजा हरिश्चंद्र' मूळचा चार रिळांचा, उरली फक्त पहिली आणि शेवटची. तीही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेते आणि पेटली नाही तरी उष्ण, दमट हवेत चिकट होऊन शेवटी भुकटी होते. कित्येक रिळे त्यांतली चांदी काढण्यासाठी विकली गेली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटचा मोठा ठेवा गेला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे तर माझ्या मते मूकपटांच्या काळातले सर्वांत मोठे मराठी चित्रकार-दिग्दर्शक. त्यांनी चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर कॅमेरा स्वतः बनवण्याचा ध्यास घेतला आणि तो पुरा केला. 'सैरंध्री' (१९२०) पाहून लोकमान्यांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले. 'सिंहगड' (१९२३) मध्ये त्यांनी रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ चा त्यांचा 'सावकारी पाश' जमीन गमावून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याचा होता आणि शेतकरी होते तरुण व्ही. शांताराम. देवादिकांच्या कथांच्या त्या काळात कर्ज आणि जमीन हा विषय घेणे केवढे मोठे होते! तो मूकपट आज उपलब्ध नाही.

जे उरले ते बरेचसे एका माणसाच्या पायपिटीमुळे. पी. के. नायर मूळचे तिरुवनंतपुरमचे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी ते तिथे रुजू झाले. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी गोदामे, अडगळीच्या खोल्या, जुन्या थिएटरवाल्यांची घरे पालथी घातली. फाळक्यांच्या फिती नाशिकला त्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी मिळवल्या, म्हणून आज आपल्याला मंदाकिनी दिसते. शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांनी २०१२ साली 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट त्यांच्यावर काढला, तो जरूर पाहावा. परदेशातही असेच घडले आहे. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) मूळ रूपात जळून गेला असे अनेक वर्षे धरून चालले होते. १९८१ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयातल्या कपाटात त्याची प्रत सापडली. तो जवळजवळ सगळा चेहऱ्यांचा चित्रपट आहे: जोनचा चेहरा, तिला प्रश्न विचारणाऱ्या धर्माधिकाऱ्यांचे चेहरे. 'कालियामर्दन'नंतर लगेच तो पाहिला तर चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ ठेवता येतो, याची दोन टोके लक्षात येतात.

बोलपट आला तो १९३१ मध्ये, 'आलम आरा'बरोबर. त्यानंतर चित्रपटाला बोलायची इतकी सवय लागली की काही दिग्दर्शकांना मुद्दाम गप्प राहायला शिकावे लागले. त्यांचे चित्रपट म्हणजे आपण ज्यांना संथ म्हणतो ते. मला त्यांची मुळे मूकपटातच दिसतात. बाबूराव पेंटरांनी १९३६ मध्ये 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला. अंधुक उजेडातली एक उदास झोपडी दुरून दिसते आणि फक्त कुत्र्याचे रडणे ऐकू येते, असे एक दृश्य त्यात होते. ते जे. बी. एच. वाडियांसारख्या धंद्यात मुरलेल्या निर्मात्याच्या मनातून कित्येक वर्षे गेले नाही. त्याच वर्षीचा प्रभातचा 'संत तुकाराम' पाहा. विष्णुपंत पागनीस तिथे अभिनय करतात असे वाटतच नाही. ते अभंगाच्या लयीत बसतात, उठतात, चालतात आणि चित्रपट त्यांच्या गतीने जातो. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपल्याकडे लोकांनी तो भक्तीने पाहिला आणि संथ म्हणून कोणी नावे ठेवली नाहीत. संथपणाचा कंटाळा हा आपला स्वभाव नाही, नंतर लागलेली सवय आहे.

मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (१९६९-७०) मात्र अवघड म्हणूनच प्रसिद्ध आहे. मोहन राकेश यांच्या कथेवरचा हा हिंदी चित्रपट. गोष्ट चार ओळींची: बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी बायको रोज भाकरी घेऊन हमरस्त्यावर येते, बस यायची वाट पाहते. एके दिवशी तिला उशीर होतो. बस. कौल पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांचे विद्यार्थी होते. त्यांनी आणि छायालेखक के. के. महाजन यांनी दोनच भिंगे ठरवून वापरली. एका भिंगात पुष्कळ मोकळी जागा मावते, दुसरे दूरचे जवळ ओढते आणि आजूबाजूचे पुसून टाकते. घडते आहे ते आणि तिच्या मनातले, यांच्या सीमा या दोन भिंगांमुळे सरमिसळ होऊ लागतात. त्या काळी काही प्रेक्षक चिडले. पण आळेफाट्याला भर उन्हात एसटीची वाट पाहत उभ्या राहिलेल्या बाईला हा चित्रपट का कळू नये? डोक्यावर ऊन, हातात फडक्यात बांधलेले जेवण, लांबून येणारी प्रत्येक गाडी 'हीच का' असे वाटणे, आणि ती नसणे. त्या वाट पाहण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा कौल देतात. पाच सेकंदांत दाखवली असती तर ती फक्त माहिती झाली असती.

अशा चित्रपटात काय पाहायचे, हा प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव सांगतो. 'आता पुढे काय होणार' हे विचारणे थांबवावे आणि 'आत्ता काय काय आहे' ते पाहावे. वाऱ्याने काय हलते आहे, आवाज कुठून येतो आहे, माणूस कोणाकडे पाहण्याचे टाळतो आहे. दृश्य आपल्याला नको इतके लांबले की अस्वस्थ वाटते, तिथे उठून जाऊ नये. दिग्दर्शकाला बहुधा तीच अस्वस्थता हवी असते. आणि खरोखर रिकामे असलेले संथ चित्रपटही पुष्कळ निघतात, हेही सांगितले पाहिजे. फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे: दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्याच लांब दृश्यात नवे काही सापडले तर चित्रपट खरा.

मराठीत सुरुवात करायला उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' (२००९) मला सर्वांत योग्य वाटतो. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांनी लिहिलेला, सुधीर पळसाने यांनी चित्रित केलेला. समीर आणि नचिकेत ही दोन भावंडे, लग्नासाठी माणसांनी भरलेले घर, मागे विहीर, लपंडाव. नचिकेतला या सगळ्या नात्यागोत्यातून निसटायचे आहे, आणि एक दिवस तो विहिरीत बुडून जातो. त्यानंतरचा चित्रपट म्हणजे समीरचे शोधणे. तो भावाला लपंडावातल्या गड्यासारखा शोधत राहतो. मरणाचा अर्थ कोणी बोलून सांगत नाही. पाणी, काळोख, उघडे माळ, दूर चालत जाणारा मुलगा यांतून तो आपल्यात उतरतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या आणि त्याच विहिरीची भीतीही बाळगून असलेल्या आपल्या गावांतल्या माणसाला हा चित्रपट शहरातल्या समीक्षकापेक्षा जवळचा वाटेल, याची मला खात्री आहे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४) त्यानंतर पाहावा. कोकणातला पाऊस, बदली झालेली आई, नवी शाळा. तो अधिक सोपा आणि अधिक हळवा आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) वेगळ्या जातीचा. तिथे कॅमेरा फाळक्यांसारखाच दूर आणि स्थिर उभा राहतो, माणसे चौकटीत येतात, बोलतात, जातात, आणि ती गेल्यावरही चित्र थांबून राहते. एका ठिकाणी सुट्टीआधी न्यायालय रिकामे होते, एकेक दिवा बंद होतो, अंधार होतो. चित्रपट संपला असे वाटते. तो संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सुट्टीवर गेलेले दिसतात. एका शाहिराचे आयुष्य ज्या खोलीत अडकले आहे ती खोली बंद करून माणसे सहलीला जातात, हे दिग्दर्शकाने एकही शब्द न वापरता सांगितले. ते काही सेकंदांचे रिकामे अंधारे दालन माझ्या दृष्टीने गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या मराठी चित्रपटातले सर्वांत बोलके दृश्य आहे.

हे सगळे गावात चालेल का, अशी शंका येणाऱ्यांसाठी कर्नाटकातल्या हेग्गोडूचे उदाहरण आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यातले हे छोटे गाव, सुपारीच्या बागांचे. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने १९७० च्या दशकात गावकऱ्यांसाठी फिल्म सोसायटी काढली. पुण्याहून प्राध्यापक सतीश बहादूर आणि पी. के. नायर रिळे घेऊन तिथे जात, चित्रपट दाखवत आणि नंतर त्यावर बोलत. सत्यजित राय यांचा 'पाथेर पांचाली', इटलीचा 'बायसिकल थीव्हज', जपानचा 'राशोमोन' हे चित्रपट बागायतदारांनी आणि मजुरांनी पाहिले आणि त्यावर वाद घातले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जो संग्रह पुण्याहून हेग्गोडूपर्यंत पोचला, तो पिंपळवंडीपासून काही तासांच्या अंतरावर, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे.

आता तर रिळांचीही गरज नाही. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचे हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतात. म्हणजे फाळक्यांचे सगळे चित्रपट आज सर्वांचे झाले आहेत. मूळ 'कालियामर्दन' दाखवायला कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि तो इंटरनेटवर सहज मिळतो. नव्याने संगीत घातलेली प्रत असेल तर त्या संगीताचे हक्क वेगळे असू शकतात, तेव्हा आवाज बंद करून दाखवावा. तसा तो बंद केलेलाच बरा. गावात भजनी मंडळ असते, त्यात पखवाज आणि पेटी वाजवणारे असतात, आणि कृष्णाच्या खोड्यांना कोणता ठेका द्यायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. पाट्या एखाद्या शिक्षकाने किंवा शाळेतल्या मुलीने मराठीतून मोठ्याने सांगाव्यात. शाळेची पांढरी भिंत, एक प्रोजेक्टर आणि पाऊण तास, एवढेच लागते. पिंपळवंडीच्या आणि आसपासच्या गावांतल्या तरुण मंडळांना माझी विनंती आहे, की येत्या गोकुळाष्टमीला रात्री हा चित्रपट लावा, आणि तो संपल्यावर लोकांना लगेच घरी जाऊ देऊ नका, काय काय दिसले ते विचारा.